आपला प्रथमेश आणि आमच्या घरातला तिरकमठा

मैत्रिणींनो, लोणच्याच्या कैऱ्या फोडायला बसलं असताना मुलांचं काही ऐकून घेऊ नये, असं माझं आता पक्कं मत झालंय. हात अडकलेले असतात, लक्ष मोहरीच्या डाळीत असतं, आणि नेमकी हीच वेळ साधून मुलं आपल्याकडून हवं ते कबूल करून घेतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाकटीनं हेच केलं. सातवीतून आठवीत गेलेली पोर. अडकित्त्याशी येऊन बसली, एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाली, "आई, मला गणिताचा क्लास नको. त्या पैशात मला धनुष्य हवंय."

मी "बरं बरं" म्हणून गेले! पाच मिनिटांनी लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

माझ्या आधी सासूबाईंनी ऐकलं होतं. त्या मेहकरकडच्या, बोलणं अस्सल वऱ्हाडी. "कायले पाह्यजे वं तुले तिरकमठा? रामलीलेत काम करतं का काय?" लेकीनं उत्तर दिलं, "आजी, प्रथमेशदादासारखा."

आता बुलढाण्यात राहणारीला हा प्रथमेशदादा कोण हे सांगावं लागत नाही. पण तुम्ही नाशिकला असाल, मिरजेला असाल, तर कदाचित नाव नुसतं कानावरून गेलं असेल. प्रथमेश समाधान जावकर. आमच्या बुलढाण्याचा मुलगा, इथलेच प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली शिकलेला. २० मे २०२३ रोजी चीनमधल्या शांघायला तिरंदाजीच्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला आणि त्यात या एकोणीस वर्षांच्या पोरानं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलं. श्लोसर म्हणजे तेव्हाचा जगातला पहिल्या क्रमांकाचा तिरंदाज. त्याला 'मिस्टर परफेक्ट' म्हणतात, आणि ते उगीच नव्हे. २०१५ मध्ये बंदिस्त सभागृहातल्या एका स्पर्धेत त्यानं साठ बाण मारले आणि साठही दहाच्या वर्तुळात, सहाशेपैकी सहाशे. तोवर असं कुणालाच जमलं नव्हतं. अशा माणसासमोर आमचा हा नवखा मुलगा उभा राहिला. बारा बाण झाले तेव्हा दोघांचे ११९-११९. उरले तीन-तीन बाण. प्रथमेशनं तिन्ही दहा मारले, श्लोसरचा एक जरासा हलला. १४९-१४८. एका गुणानं सामना!

त्या दिवशी मी काय करत होते ते मला आठवत नाही, आणि खोटं कशाला सांगू, आमच्या घरी कुणी ती स्पर्धा पाहतही नव्हतं. बातमी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचली. "आपल्या बुलढाण्याचा?" असं आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं. मग घराघरांतल्या मोबाइलवर तो सामना फिरू लागला, आणि त्या वर्षी नातेवाइकांच्या पंगतीत लग्नाच्या स्थळांच्या बरोबरीनं प्रथमेशचं नाव निघू लागलं. आमची धाकटी तेव्हा लहान होती. तिनं तो सामना नंतर किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. आमच्या हातात मोबाइल क्वचित राहतो तो यामुळेच.

आता हा खेळ काय आहे ते थोडं सांगते, कारण मलाही तोवर काही ठाऊक नव्हतं. त्याला 'कंपाउंड' तिरंदाजी म्हणतात. आपल्याला कंपाउंड म्हटलं की घराभोवतीची भिंत आठवते! पण हे धनुष्य देवघरातल्या रामाच्या तसबिरीतल्यासारखं नसतं. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, काहीशी विहिरीच्या रहाटासारखी, फक्त पुरती गोल नव्हेत. दोरी ओढायला सुरुवात केली की पन्नास-साठ पौंडांचा जोर लागतो, म्हणजे गव्हाचं अर्धं पोतं एका हातानं खेचण्यासारखंच. पण पूर्ण ओढली की त्या चाकांमुळे तोच भार एकदम हलका होतो, आणि नेम धरून स्थिर उभं राहता येतं. समोर भिंगाची दुर्बीण, तिच्यात गवंड्याच्या पाणसळीसारखा बुडबुडा. दोरी बोटांनी सोडायची नाही, हातातल्या एका छोट्या खटक्यानं सोडायची.

हे सगळं ऐकून मला वाटलं, म्हणजे यंत्रच सगळं करतं की! हेच मी मैदानावरच्या एका मुलीला बोलून गेले. तिनं शांतपणे सांगितलं, "काकू, यंत्र सगळ्यांकडेच आहे." गप्प बसले.

लक्ष्य पन्नास मीटरवर असतं. आमच्या गल्लीच्या तोंडापासून आमच्या अंगणापर्यंत अंतर साधारण तेवढंच आहे, मी पावलांनी मोजून पाहिलं. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं? आठ सेंटिमीटर. आमटीच्या लहान वाटीचं तोंड तेवढं असतं. तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभं राहून अंगणातल्या वाटीत पंधरा वेळा बाण घालायचा, दर बाणाला वीस सेकंद, वारा असो की ऊन, आणि पंधरापैकी एकच काठाला गेला तर चालेल. शांघायला त्या मुलानं हे केलं. श्लोसरचे दोन काठाला गेले, म्हणून तो हरला.

योगायोग असा की त्याच सुमाराला टेनिसमधल्या एका पोराचं नाव जगभर गाजत होतं. स्पेनचा कार्लोस अल्काराझ. तो २०२२ मध्ये एकोणिसाव्या वर्षीच अमेरिकन ओपन जिंकून जगात पहिला आला आणि २०२३ च्या जुलैत विंबल्डनही जिंकला. वय जवळपास तेच, जिद्द तीच. पण टेनिसच्या मुलाच्या मागे तिकिटं असतात, टीव्ही असतो, बुटांच्या आणि घड्याळांच्या कंपन्या असतात. मोठी एक स्पर्धा जिंकली की सात पिढ्यांची बेगमी. तिरंदाजाचं तसं नाही. त्याचा सामना पाहायला तिकीट काढून कोण जातंय? त्याचं नाव एक दिवस पहिल्या पानावर येतं आणि चौथ्या दिवशी त्याच कागदात आपण चकल्या निथळायला ठेवतो. म्हणून 'चॅम्पियन' हा शब्द दोन्हीकडे सारखा असला तरी घरातल्या बाईनं हिशेब मांडताना तो सारखा धरू नये.

त्या वर्षी प्रथमेशचं पुढे काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या हर्मोसिलोला विश्वचषकाची अखेरची स्पर्धा झाली. वर्षभरातल्या निवडक तिरंदाजांनाच तिथे बोलावणं असतं. उपांत्य सामन्यात पुन्हा तोच श्लोसर समोर, आणि यानं पंधराच्या पंधरा बाण दहात मारले. १५०-१४९! अंतिम सामना डेन्मार्कच्या मथायस फुलर्टनशी. दोघांचे १४८-१४८. अशा वेळी एकेक बाण मारून निकाल लावतात. तिथेही दोघांचा बाण दहातच. मग पट्टी घेऊन मोजायचं की मध्याच्या जवळ कुणाचा. डेन्मार्कच्या मुलाचा जवळ निघाला. आपल्याला रौप्य.

बघा, मे महिन्यात एका गुणानं जिंकला, सप्टेंबरात बोटभर अंतरानं हरला. मधल्या काळात पोर तेच, हात तेच.

मग महिन्याभरात चीनमधल्याच हांगचौला आशियाई स्पर्धा झाल्या. ५ ऑक्टोबरला आपला प्रथमेश, नागपूरचा ओजस देवतळे आणि दिल्लीचा अभिषेक वर्मा या तिघांनी दक्षिण कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण मिळवलं. तिरंदाजीत कोरिया म्हणजे काय हे सांगायचं तर, सुगरणीच्या घरी जाऊन तिला पुरणपोळी करून खिलवण्यासारखं ते होतं. त्या स्पर्धेत भारताला तिरंदाजीत एकूण पाच सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही या चाकाच्या धनुष्याचीच.

आता जे सांगणार आहे ते सत्काराच्या भाषणात कुणी सांगत नाही. २०२४ मध्ये शांघायलाच भारताच्या पुरुष संघानं सुवर्ण मिळवलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कोरियातल्या ग्वांगजूला तर जागतिक अजिंक्यपद मिळवलं. दोन्ही संघांत 'प्रथमेश' होता. आमच्या गल्लीत पेढे वाटायची तयारी झाली होती! पण तो प्रथमेश फुगे. आपला प्रथमेश जावकर त्या संघांत नव्हता. संघात जागा तीन-चार, आणि देशात ती मागणारे हात केवढे तरी. आज जो आशियाचा विजेता, त्याला उद्या निवड चाचणीत पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागतं. आपल्याकडे एकदा एम. ए. झालेल्या माणसाची पदवी काढून घेत नाहीत, एकदा लागलेली नोकरी सहसा जात नाही. खेळात मात्र दर वर्षी परीक्षा, आणि मागच्या वर्षीची गुणपत्रिका कुणी बघत नाही.

हे मी लेकीला सांगितलं. म्हटलं, बघ, तुझ्या दादालासुद्धा असं होतं. ती म्हणाली, "मग काय झालं? तो सराव करत असेल ना."

या उत्तरावर मी दोन दिवस विचार करत होते.

तिला मुलींचीही उदाहरणं तोंडपाठ होती. साताऱ्याची अदिती स्वामी. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ती सतरा वर्षांची असताना जगज्जेती झाली. अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असं हरवलं. त्याच दिवशी ओजसही पंधराच्या पंधरा बाण दहात मारून जगज्जेता झाला. मराठी घरांतली दोन मुलं एकाच दिवशी! अदितीचे वडील गणिताचे शिक्षक. मुलीला खेळता यावं म्हणून ते कुटुंब खेड्यातून साताऱ्याला येऊन राहिलं. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांचं मैदान म्हणजे उसाच्या शेतातली जागा. धनुष्यासाठी घराला कर्ज काढावं लागलं. ज्या दिवशी ते कर्ज काढलं त्या दिवशी ती जगज्जेती होणार हे कुणाला माहीत होतं? बातमी आपल्याला निकालानंतर कळते, मैत्रिणींनो. आईबापांना निर्णय निकालाच्या आधी घ्यावा लागतो, आणि शेकडो घरांत तो निकाल कधी लागतच नाही. त्या घरांच्या बातम्या येत नाहीत.

आमच्याकडे निर्णय कसा झाला ते सांगते. त्यात माझा एक मूर्खपणाही आहे, तो लपवत नाही.

माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती. चाळीस हजार. माझ्या अर्धवेळ शाळेच्या पगारातून बाजूला काढलेले पैसे, म्हणजे कुणाला हिशेब द्यायचा नव्हता. गंगावन विकून पाटल्या कराव्यात तशी माझ्या मनात हौस जागी झाली. त्याला एक कारण होतं. मी कॉलेजात खोखो खेळत असे. बरी खेळत असे. शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या निवडीला जायचं होतं, तेव्हा पाहुणे बघायला येणार म्हणून गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं हो, माझी मीच गेले नाही. तो बनियन अजून ट्रंकेत आहे. तेव्हा लेकीनं धनुष्य म्हटलं की मला धनुष्य दिसत नव्हतं, तो बनियन दिसत होता. अशा वेळी बाई हिशेबात हमखास चुकते.

मी एका दुकानदाराला फोन केला. त्यानं गोड बोलून सांगितलं की, आता घ्याल तर सवलत आहे, कंपाउंडचा पूर्ण साज लाखाच्या वर जातो, पण तुमच्यासाठी हप्ते करू, दोन हजार आगाऊ पाठवा. मी पाठवले. कुणाला न विचारता! दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन तिथल्या सरांना अभिमानानं सांगितलं. ते कपाळाला हात लावायचेच बाकी राहिले. म्हणाले, "ताई, मुलगी किती वर्षांची? तेरा? अहो, तिचे हात अजून वाढायचेत. हे धनुष्य ज्याच्या-त्याच्या हाताच्या लांबीला बसवून घ्यावं लागतं. आज शिवलेला ब्लाउज तिला दोन वर्षांनी होईल का?" माझे दोन हजार गेले ते गेलेच. दुकानदार फोन उचलत नाही. ह्यांना मी हे एक महिन्यानंतर सांगितलं, आणि तुम्हाला आज सांगते आहे.

सरांनी जे सांगितलं ते तुमच्यापैकी ज्या घरात असा हट्ट चालू असेल त्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहून देते. सुरुवात बांबूच्या धनुष्यावर करायची. त्याला 'इंडियन राउंड' म्हणतात, त्याच्याही स्पर्धा होतात, आणि ते काही हजारांत मिळतं. पहिले काही महिने तेही विकत घेऊ नये, मैदानावरचं वापरावं. मूल उन्हातान्हात सहा महिने न कंटाळता जातंय का ते आधी पाहावं. जिथे मूल शिकणार तिथे एक दिवस आपण स्वतः जाऊन उभं राहावं, आणि एकच गोष्ट बघावी : शिट्टी झाल्याशिवाय बाण आणायला कुणी रेषेपुढे पाऊल टाकतं का. टाकत असेल तर मुलाला घेऊन सरळ घरी यावं, मग शिकवणाऱ्याचं नाव कितीही मोठं असो. जिल्ह्याच्या गावी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं, तिथे शालेय स्पर्धांची माहिती मिळते. आपण बायका तिथे जायला बिचकतो. मीही बिचकले होते. पण तिथल्या कारकुनानं नीट बसवून सांगितलं.

मुलींच्या बाबतीत आणखी थोडं. केस मोकळे नकोत, घट्ट वेणी घालून ती पाठीवर खोचलेली हवी, कारण सुटणारी दोरी केसाला अडकली तर डोळ्यांत पाणी येतं. कानात लोंबतं काही नको, धनुष्याच्या हातात बांगड्या नकोत, ओढणी तर नकोच. ढगळ बाही चालत नाही. छातीवर बांधायचं एक कातड्याचं किंवा जाळीचं कवच मिळतं, ते मागायला लाजू नये. ते नसलं तर मुलगी दोरी अंगापासून लांब ठेवायला बघते आणि तिची उभं राहण्याची ढबच बिघडते. मासिक पाळीच्या दिवसांत जायचं की नाही हे तिच्यावर सोडावं. आमच्याकडे यावरून सासूबाईंशी थोडं झालं, पण ते निभावलं.

डब्याचं म्हणाल तर भारी काही लागत नाही. उभं राहायचं असतं तासन्‌तास, म्हणून पोट जड नको आणि रिकामंही नको. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, आणि दुसऱ्या डब्यात दहीभात. लाडू भाजलेल्या शेंगदाण्यांचे आणि गुळाचे. पाण्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू. चहा आधी देऊ नये, हात थरथरतो असं मुलंच सांगतात. बुलढाणा उंचावर म्हणून इथे ऊन जरा बरं, पण मलकापूर-खामगावच्या मैत्रिणींनी एप्रिल-मेमध्ये सराव सकाळी साडेआठच्या आत उरकायला सांगावा.

राहिला गणिताचा क्लास. इथे मी अडून बसले. क्लास सोडायचा नाही, धनुष्यही हवं, असं म्हटलं तर पोरीला दिवसाचे तास पुरेनात. शेवटी ह्यांनी तोड काढली. स्वभावानं माणूस अबोल, पण त्या रात्री जेवताना म्हणाले, "क्लास बंद करू. गणित मी शिकवतो. रोज रात्री अर्धा तास." मी बघतच राहिले. सोसायटीत हिशेब तपासण्यात जन्म गेला, पण घरी येऊन मुलीची वही हातात धरल्याचं मला स्मरत नाही. मला वाटलं होतं आठ दिवस टिकेल. आता वर्ष होत आलं. पहिल्या चाचणीत तिचे गणितातले गुण घसरले, वार्षिकात पुन्हा होते तिथे आले. वर गेले नाहीत. ते मी तुम्हाला रंगवून सांगणार नाही.

शेजारच्या एक बाई विचारतात, "नोकरीचं काय हो यात?" प्रश्न रास्त आहे. दहावी-बारावीला ठराविक पातळीवर खेळलेल्यांना वाढीव गुण मिळतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पण त्या पाच टक्क्यांत यायला किती वर्षं आणि कोणती पदकं लागतात हे एकदा नीट वाचून घ्यावं, नुसत्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नये. आणखी एक आशा आहे. ऑलिंपिकमध्ये १९७२ पासून फक्त साध्या धनुष्याचीच तिरंदाजी होती. म्हणून प्रथमेश, ओजस, अदिती कितीही मोठे झाले तरी त्यांना ऑलिंपिकचं दार बंद होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलं की २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या खेळांत कंपाउंडचा मिश्र संघ, म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी, असा प्रकार घ्यायचा. दार पूर्ण नाही, एक झडप उघडली. त्या एका झडपेतून आत जायला देशातून दोघंच!

लेकीला हे कळलं तेव्हा तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, "२०२८ ला मी दहावीत असेन. मग नको, २०३२." मी हसले, पण तिनं ते गंभीरपणे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. ह्यांच्या त्रैराशिकाच्या खाली.

मागच्या आठवड्यात तिची पहिली शालेय स्पर्धा झाली. बांबूचं धनुष्य, मैदानाच्या मालकीचं. मी रजा टाकून गेले होते. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की शेजारच्या आईनं मला पाणी दिलं. तिचा पहिला बाण गवताच्या पेंढीच्या वरून गेला, कुठे गेला ते शेवटी दोन मुलांनी जाऊन शोधलं. पुढचे बसले. चौतीस मुलींत एकविसावी आली. परतताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. मला वाटलं आता रडेल, मग मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. घर आलं तेव्हा म्हणाली, "आई, तो पहिला बाण सुटताना माझा खांदा वर गेला होता. सर म्हणतात तसंच झालं."

डाव्या हातावर कोपराच्या आत दोरीचा लांबलचक वळ उठला होता, जांभळा. सासूबाईंनी तिला जवळ ओढलं, चष्मा चढवून तो वळ पाहिला आणि मला वाटीत हळद-तेल कोमट करून आणायला सांगितलं. चोळता चोळता त्या पुटपुटत होत्या, "काय बाप्पा हे पोरीचे खेळ!" मी वाटी ठेवायला आत वळले तर मागून त्यांचा आवाज आला, "उद्या ते कातडं नीट बांधून जाय वं माय. अन्‌ सकाळी मले उठवजो, डबा म्या करतो."

आता स्वयंपाकघरात पाहते तर भिजत घातलेले मूग नेहमीपेक्षा दुप्पट दिसताहेत.